घरी सगळं येतं, पेपर हातात आला की ब्लँक होते: दहावीतल्या मुलीच्या आईला उत्तर

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असं, की मुलगी दहावीला आहे, स्टेट बोर्ड, सेमी इंग्लिश, राहायला ऐरोली आणि क्लास ठाण्याला. रोज चार-पाच तास अभ्यास करते, तुम्ही ऑफिसमधून आल्यावर स्वतः शेजारी बसून गणितं करून घेता तेव्हा सगळं येतं, आणि तरी सहामाहीला भूमितीत ४० पैकी १७. पेपर हातात आला की डोकं ब्लँक होतं म्हणते, आदल्या रात्री पोटात दुखतं, आणि आता प्रिलिम जवळ आली तशी "मला बोर्डाला बसायचंच नाही" असंही एकदा बोलली. तुम्ही विचारलंय की कॉन्फिडन्स कसा वाढवू, मेडिटेशनचा क्लास लावू का, ट्यूशन बदलू का, आणि जानेवारीपासून रजा टाकून पूर्ण वेळ तिच्यासोबत बसू का.

माझं आधी सांगते म्हणजे उत्तर कुठून येतंय ते कळेल. ठाण्यातल्या एका शाळेत बरीच वर्षं गणित शिकवलं, मधे समुपदेशनाचा कोर्स केला, आणि आता ठाण्यातच चरईत नववी-दहावीच्या थोड्याच मुलांसोबत काम करते, त्यातली निम्मी "हुशार आहे पण परीक्षेत घाबरते" या एकाच वाक्यासकट येतात. डॉक्टर नाहीये मी, त्यामुळे जिथे डॉक्टरचं काम आहे तिथे तसं स्पष्ट लिहीन.

तुमच्या सगळ्या प्रश्नात मला अडकायला झालं ते "घरी सगळं येतं" या वाक्यापाशी. कसं येतं ते बघा ना. तुम्ही शेजारी बसलेल्या असता. ती एक ओळ लिहिते आणि वर बघते. तुम्ही "हं" म्हणता, ती पुढची ओळ लिहिते. ओळ चुकली तर तुम्ही काही बोलत नसालही, पण तो "हं" येत नाही, आणि पोरगी लगेच खोडरबर उचलते. मुलं आईचा चेहरा वाचण्यात इतकी तयार असतात की आईला आपण काही सांगितलं हे कळतही नाही! क्लासमध्ये काय होतं, सर धड्याचं नाव सांगून, आकृती काढून, पहिली ओळ फळ्यावर लिहून मग "आता पुढे तुम्ही करा" म्हणतात. डायजेस्टमध्ये तर उत्तर खालीच छापलेलं, नजर जातेच. म्हणजे सुरुवात कुठून करायची इथपासून ते बरोबर आलंय का इथपर्यंत एक अख्खं गणित तिने पूर्णपणे एकटीने असं फारसं केलेलंच नसणार, आणि परीक्षेत नेमकं तेवढंच करायचं असतं. त्यामुळे ती घाबरते यात मला विशेष काही बिघाड दिसत नाही. आपल्याला नक्की काय येतं हे तिला माहीत नाहीये आणि ते माहीत नसल्याचं तिला आतून जाणवतंय, तुम्हाला आणि क्लासला जाणवत नाहीये एवढाच फरक.

म्हणून "कॉन्फिडन्स कसा वाढवू" याचं माझं उत्तर, कॉन्फिडन्स वाढवायच्या मागे लागू नका. "तुला सगळं येतं गं, घाबरू नकोस" हे ऐकून तिला अजून एकटं वाटतं, कारण तिला माहितीये की सगळं येत नाही. तिचा अंदाज खरा व्हायला हवा. हे येतं, हे अर्धवट येतं, हे येत नाही, हे तिचं तिला सांगता आलं की भीती निम्मी तरी खाली येते, आणि उरलेली निम्मी घेऊन पेपर लिहिता येतो.

आता यात परिस्थितीवर अवलंबून असलेलं बरंच आहे, ते पुढे जायच्या आधी बोलू, कारण तुमच्या घरातलं मला काहीच माहीत नाही. पोटदुखी फक्त परीक्षेच्या आदल्या रात्रीच असेल तर मी फार काळजी करणार नाही, पण एरवीही झोप लागत नाही, जेवण तुटलंय, उलट्या होतात, छातीत धडधडून श्वास अडकल्यासारखं होतं, मैत्रिणींशी बोलणं बंद झालंय असं काही आठवडे चाललं असेल तर आधी तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा, या वयातल्या मुलींचं हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासलेलं बरं असतं, आणि मग मानसोपचार तज्ज्ञांना. ठाण्यात त्यासाठी लांब जायला नको, डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० साली सुरू केलेली आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही मानसिक आरोग्याची संस्था आहे, ऐरोलीहून ट्रेनने दोन स्टेशनं. "बोर्डाला बसायचंच नाही" हे ती वैतागून बोलली असेल, बरीच मुलं बोलतात. पण "मी नसलेलीच बरी" किंवा "जगायचंच नाही" अशा दिशेचं एक वाक्य जरी निघालं तरी अभ्यास-बिभ्यास सगळं बाजूला ठेवायचं, तिला एकटं सोडायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. टेली मानस म्हणून सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६, चोवीस तास चालू असते, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. आणि हो, असं काही तिला सरळ विचारलं तर डोक्यात नसलेलं आपण घालून देतो ही भीती बाळगू नका, विचारलेलंच चांगलं.

दुसरी शक्यता, वाचण्या-लिहिण्यातली किंवा आकड्यांमधली अडचण लहानपणापासून आहे आणि आजवर कष्टाने झाकली गेलीये. अक्षरं-आकडे उलटसुलट होतात का, फळ्यावरचं उतरवून घेताना चुकतं का, प्रश्न मोठ्याने वाचून दाखवला की लगेच येतं का हे बघा. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना बोर्ड जास्तीचा वेळ आणि इतर सवलती देतं पण त्याला प्रमाणपत्र लागतं आणि त्या प्रक्रियेला वेळ जातो, त्यामुळे शंका असली तर उद्याच शाळेत बोला, प्रिलिम होऊ दे मग बघू असं करू नका.

आणि सेमीवाल्या मुलांचं एक वेगळंच दुखणं असतं, गणित येत असतं पण इंग्रजी प्रश्नातला एखादा शब्द दगा देतो. हे तपासायला सोपं आहे, तिला फक्त प्रश्न वाचून मराठीत काय विचारलंय ते सांगायला लावा, सोडवायला नको.

हे काही नाही, साधी परीक्षेचीच भीती आहे असं धरून पुढे लिहिते.

परीक्षेच्या भीतीत दोन गोष्टी एकत्र असतात हे लीबर्ट आणि मॉरिस या मानसशास्त्रज्ञांनी १९६७ मध्येच वेगळं करून दाखवलंय. एक शरीराची गडबड, म्हणजे धडधड, घाम, पोटात गोळा. दुसरी डोक्यातली बडबड, "हे आलं नाही तर? बाकीच्या सगळ्या लिहितायत. आईला काय सांगू?" नंतरच्या बऱ्याच अभ्यासात असं दिसलं की मार्कांचं नुकसान जास्त करते ती ही बडबड, धडधड तेवढं करत नाही. कारण असं की गणित सोडवताना आपण डोक्यात एक छोटी रफ वही उघडलेली असते, दिलेलं काय, काढायचं काय, मधला आकडा काय, हे सगळं त्याच पानावर. बडबड सुरू झाली की तीही त्याच पानावर लिहिली जाते आणि जागा संपते. मुलं याला ब्लँक झालं म्हणतात, खरं तर पान भरून गेलेलं असतं. म्हणून मेडिटेशनबद्दल माझं मत असं आहे की लावायचं तर लावा, वाईट काही नाही, शरीर शांत व्हायला उपयोग होतो. पण "मला हे येतं की नाही" हा प्रश्न ते सोडवत नाही, आणि तुमच्या पोरीच्या दिवसात आता अजून एक क्लास कुठे घुसवणार? घोडबंदर रोडवरून येणाऱ्या माझ्या मुलांचा तर दिवस तसाही बसमध्येच संपतो, त्यांना मी नवीन काहीही लावू देत नाही.

आता मुख्य काम, तिचा अभ्यास तिचा तिला चालवता येणं. परदेशात याला सेल्फ रेग्युलेटेड लर्निंग म्हणतात, बॅरी झिमरमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने त्याचे तीन टप्पे मांडले: अभ्यासाआधी ठरवणं, करताना स्वतःवर लक्ष ठेवणं, झाल्यावर तपासून पुढचं ठरवणं. मग परत पहिल्यापासून. ऐकायला काहीच नवीन नाही, पण आपल्या दहावीच्या मुलांच्या दिवसात हे तिन्ही टप्पे कोण करतं ते बघा. काय करायचं ते क्लासचं टाइमटेबल ठरवतं, लक्ष आई ठेवते, तपासतात सर. पोरीकडे उरतं फक्त लिहिणं. दिवसाला पाच तास लिहूनही ती या बाबतीत कच्चीच राहणार, आणि ज्या दिवशी आई नाही, सर नाहीत, टाइमटेबल नाही, तो दिवस नेमका बोर्डाचा.

लगेच सगळं तिच्या हातात देऊन मोकळं व्हा असं मी म्हणत नाहीये हां. नोव्हेंबरमध्ये असं केलं तर ती अजून घाबरेल. रोजच्या अभ्यासातला पाऊण तास फक्त तिचा, तेवढ्यापासून सुरू करा. बाकी क्लास, शाळा, होमवर्क जसंच्या तसं.

त्या पाऊण तासात एक वही. माझ्याकडे प्रत्येक मुलाची असते, साधी शंभर पानी, पान आडवं धरून उभे चार रकाने. पाच-सहा गणितं निवडायची, ती तिने निवडायची, वेगवेगळ्या धड्यांमधून, एक सिमिलॅरिटीचं, एक सर्कलचं, एक कोऑर्डिनेटचं, एक ट्रिगोनोमेट्रीचं असं. पहिल्या रकान्यात गणिताचा नंबर. दुसऱ्यात, सोडवायच्या आधी, नुसता प्रश्न वाचून लिहायचं: येईल, शंका आहे, नाही येणार. मग पुस्तक-डायजेस्ट दुसऱ्या खोलीत ठेवून सोडवायचं, घड्याळ लावून. तिसऱ्यात बरोबर की चूक, स्वतः उत्तर ताडून. चौथा रकाना चुकलेल्यांसाठी, नक्की काय झालं आणि आता काय करणार.

पहिले काही दिवस दुसरा आणि तिसरा रकाना एकमेकांशी जुळत नाहीत, अजिबात. एका मुलीने बारापैकी नऊ गणितांना "येईल" लिहिलं होतं आणि आली पाच. ती रडवेली झाली, पण मला ते पान फार आवडलं कारण पहिल्यांदाच तिच्या भीतीला पत्ता मिळाला. उलटंही असतं, सगळीकडे "शंका आहे" लिहिणारी मुलं असतात आणि त्यांची जवळजवळ सगळी बरोबर येतात, त्यांना हे पान दाखवल्यावर कुठलंही भाषण द्यावं लागत नाही. तुमची मुलगी यातली कुठली आहे हे मला माहीत नाही, आणि खरं सांगू का, तुम्हालाही माहीत नसणार. आठवड्याभरात वही सांगेल.

चौथ्या रकान्यावर जरा थांबते कारण सगळं काम तिथे होतं. त्यात "सिली मिस्टेक" आणि "कन्फ्युज झाले" हे दोन शब्द लिहायला माझ्याकडे बंदी आहे. ट्रिगोनोमेट्रीतलं ते लाइटहाऊसचं गणित घ्या, लाइटहाऊस ९० मीटर उंच, वरून जहाजाचा अँगल ऑफ डिप्रेशन ६० अंश, जहाज किती लांब. उत्तर ९० भागिले रूट ३, म्हणजे ५१.९ मीटर. एकीचं आलं १५५.७. तिने आधी लिहिलं "सिली मिस्टेक", मग "फॉर्म्युला विसरले". फॉर्म्युला विसरली नव्हती, टॅन ६० रूट ३ बरोबर लिहिलेलं होतं! आकृती बघितली तर ६० चा कोन तिने वरच्या टोकाला, उभ्या मनोऱ्यापासून मोजला होता. डिप्रेशनचा कोन आडव्या रेषेपासून खाली मोजायचा असतो आणि ती आडवी रेषा तिने काढलीच नव्हती. क्लासमध्ये कधी चुकलं नाही कारण तिथे आकृती फळ्यावर तयार असायची. मग चौथ्या रकान्यात आलं: "कोन उभ्या रेषेपासून घेतला. आता डिप्रेशन दिसलं की सगळ्यात आधी वरून तुटक आडवी रेषा." एवढं. "ट्रिगो मला जमतच नाही" हे ती महिनाभर म्हणत होती, त्यातलं बरचसं त्या एका तुटक रेषेचं निघालं. प्रत्येक वेळी इतकं सरळ निघत नाही हेही सांगते, काही मुलांचं पाचवी-सहावीच्या अपूर्णांकांपासून कच्चं असतं आणि मग तिथे जाऊन काम करावं लागतं, भूमितीची रिव्हिजन कितीही करा.

गणितं मिक्स का, असं ती विचारेल, कारण धडावार केलं की पटापट येतात आणि बरं वाटतं. तेच तर. पायथागोरसच्या धड्याखालचं गणित पायथागोरसने सुटणार हे डोकं न लावता कळतं. पेपरमध्ये धड्याचं नाव छापलेलं नसतं, ओळखणं हाच अर्धा प्रश्न असतो. डग रोहरर यांनी फ्लोरिडातल्या शाळांमध्ये गणिताच्या अशा मिक्स सरावावर प्रयोग केलेत, नंतरच्या टेस्टमध्ये मिक्स सराववाली मुलं पुढे होती.

आणि पुस्तक बंद का, तर यावर एक प्रयोग मला फार पटतो, मुलांनाही सांगते. रोडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ मध्ये अमेरिकेत कॉलेजच्या मुलांना एक उतारा दिला. काहींनी तो परत परत वाचला, काहींनी कमी वाचून, पुस्तक न बघता आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे. आठवड्याने विचारलं तर आठवून लिहिणारे बरेच पुढे. गंमत म्हणजे परत परत वाचणाऱ्यांनाच आपल्या लक्षात जास्त राहील असं वाटत होतं. रात्री अकराला धडा चौथ्यांदा वाचून, चार रंगांचे हायलायटर मारून, "झालं सगळं" म्हणून झोपणारी आणि सकाळी पेपरला ब्लँक होणारी आपली मुलं हीच. इतिहास, विज्ञान, भाषा सगळ्यालाच हे लागू आहे, वाचा, मिटा, कोऱ्या कागदावर लिहा, मग उघडून बघा काय राहिलं.

आतापर्यंतचं इतकंच की रोजचा पाऊण तास तिचा, गणितं मिक्स, आधी अंदाज, मग एकटीने सोडवणं, मग स्वतः तपासणं आणि चुकीचं नेमकं कारण. आता तुमचं काम.

तुमचं काम म्हणजे त्या पाऊण तासात खोलीत न बसणं, आणि हे सगळ्यात अवघड आहे. माझ्याकडच्या एका आईला शेवटी मी सांगितलं की तेवढा वेळ भाजी आणायला जा, कारण ओट्यापाशी उभं राहूनही त्यांचा "हं" खोलीत पोचत होता. नंतर वही बघायची, पण बरोबर किती हे विचारायचं नाही. विचारायचं तर "तुझा अंदाज आज किती जुळला?" आणि "उद्याची गणितं कुठली घेणार, का?" एवढे दोन प्रश्न पुरेत. ती म्हणाली की सोपीच घेणार आहे तर घेऊ दे एक-दोन दिवस, चौथ्या दिवशी तिलाच कंटाळा येईल. नाही आला तर तेव्हा बोलू. आणि ती अडकली की तुमच्याकडे येईलच, तेव्हा उत्तराऐवजी "यात दिलंय काय?" एवढंच विचारा, बहुतेक वेळा ती प्रश्न परत वाचते आणि तिला सुचतं.

घरातल्या बोलण्याचं पण जरा बघा. "तुझ्यासाठी रजा टाकतीये", "तुझ्या दहावीमुळे गणपतीत गावाला गेलो नाही", हे आपण प्रेमाने बोलतो, पोरगी ते हिशोबाच्या वहीत मांडते. तुम्ही असं बोलताच असं नाही, आजी-काका-शेजारी कोणीही असू शकतं. डोक्यातल्या त्या बडबडीला खाऊ इथून मिळतो.

वाईटात वाईट काय होईल हेही एकदा मोकळेपणी आकड्यांत बोलून टाका. टाळलेल्या विषयाची भीती जास्त. पासिंग शंभरपैकी ३५ ला आहे. दहावीची टक्केवारी बेस्ट ऑफ फाइव्हने निघते, म्हणजे सहापैकी एका विषयात, गणितात सुद्धा, कमी पडले आणि ती पास असली तर टक्केवारीत तो विषय धरलाच जात नाही. पुढे सायन्स घ्यायचं की कॉमर्स हा प्रश्न वेगळा आहे, तो मी इथे घेत नाही. एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीने, म्हणजे राहिलेले विषय नंतर सोडवायच्या अटीवर, अकरावीला प्रवेश मिळू शकतो आणि पुरवणी परीक्षा असते. माझ्याकडच्या कित्येक मुलांना वाटत असतं की गणित गेलं की आयुष्य गेलं, हे नियम त्यांना कोणी सांगितलेलेच नसतात. "म्हणजे मग ती अभ्यासच सोडेल" अशी भीती पालकांना वाटते, माझ्या बघण्यात तसं क्वचित झालंय, उलट मुलं जरा श्वास घेऊन कामाला लागतात.

पेपरचं तंत्र आता, कारण तेही सराव करून येतं. भूमिती ४० मार्कांची, वेळ दोन तास, म्हणजे एका मार्काला तीन मिनिटं. तिला बहुतेक हे माहीत नसेल की वेळ इतका आहे. पाचव्या प्रश्नापर्यंत पोचायला हवं आणि घाई हवी असं डोक्यात बसलेलं असतं. शिवाय पर्याय किती आहेत बघा, दोन ब मध्ये पाचपैकी चार, तीन ब मध्ये चारपैकी दोन, चौथ्यात तीनपैकी दोन, पाचव्यात दोनपैकी एक. म्हणजे पेपरमधली काही गणितं न येणं हे पेपर काढणाऱ्यांनीच धरलेलं आहे! "सगळं आलंच पाहिजे" म्हणून बसलेली मुलगी पहिलं न येणारं गणित दिसलं की कोसळते, आणि ते गणित तिने सोडायचंच होतं. जुना पेपर घ्या आणि फक्त निवडायला लावा, सोडवू नका, पाच मिनिटांत कुठली करणार त्यावर खूण. आठवड्यातून दोनदा केलं तरी प्रिलिमपर्यंत हात बसेल.

ब्लँक झाल्यावर काय करायचं हेही आधी ठरलेलं पाहिजे, आणि तेही घरी अडकल्यावर करून बघितलेलं. माझ्या मुलांचं ठरलेलं असतं: पेन खाली ठेवायचं, दोन-तीन वेळा श्वास सावकाश सोडायचा, घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ. मग आकृती काढायची, दिलेले आकडे त्यावर लिहायचे, काढायचंय त्याला प्रश्नचिन्ह. एवढं करून तीन-चार मिनिटांत काही सुचलं नाही तर जागा सोडून पुढचं गणित, परत यायचं. हात चालू राहिला की त्या रफ वहीतली बडबड जरा मागे सरकते, आणि स्टेप्सना मार्क असतात त्यामुळे ते लिहिलेलं वाया जात नाही. पेपरच्या आधी दहा मिनिटं आपली भीती कागदावर भराभर लिहून काढायची, अशी एक पद्धत रामिरेझ आणि बायलॉक यांनी २०११ मध्ये तपासली होती आणि जास्त घाबरणाऱ्या मुलांना तिचा फायदा दिसला होता. माझ्याकडे काहींना जमते, काही अजून घाबरतात. क्लास टेस्टला करून बघा, पहिल्यांदा थेट बोर्डालाच नको.

डिसेंबरपासून दर रविवारी एक रंगीत तालीम. बोर्डाचा पेपर सकाळी ११ ला असतो तर ११ लाच, आणि तुमच्या घरी नको. सोसायटीचं ऑफिस, मावशीचं घर, जवळपासची अभ्यासिका, कुठेही जिथे टेबल अनोळखी आहे आणि आई नाहीये. बोर्डाला सेंटर बहुतेक दुसऱ्याच शाळेत येतं, अनोळखी वर्ग, अनोळखी सुपरवायझर, शेजारी अनोळखी मुलं, आणि नाजूक मुलांची निम्मी धडधड त्यानेच होते. हॉल तिकीट मिळालं की सेंटर एकदा बघून या. पहिली तालीम वाईट जाईल. जाऊ द्या, मार्क कुणाला सांगू नका, चौथा रकाना भरा.

ट्यूशन नोव्हेंबरमध्ये बदलू नका. क्लास फारच वाईट असेल, मुलांचा अपमान करत असतील तर गोष्ट वेगळी, पण नवे सर, नवी पद्धत, नव्या नोट्स हे आत्ता परवडणारं नाही. उलट आहे त्या सरांना एक विनंती करा, की रविवारच्या एक्स्ट्रा बॅचमधून तिला मोकळं करा, त्या वेळेत ती पेपर सोडवेल आणि तपासलेला पेपर तुम्हाला दाखवेल. चांगले सर हो म्हणतात. "बॅच चुकवायची नाही" असं म्हणाले तर महिन्यातून दोन रविवार तरी मागून घ्या.

रजेचं, जानेवारीत पूर्ण वेळ शेजारी बसण्यासाठी टाकू नका, त्याने तिचं नुकसानच होईल असं मला वाटतं. रजा शिल्लक असेल तर बोर्डाच्या पेपरांच्या दिवसांत घ्या, गरम जेवण, वेळेवर झोप, सेंटरला सोडायला कोणीतरी, आणि पेपर झाल्यावर "कसा गेला" न विचारता घरी आणणं, त्याचा तिला खरा उपयोग आहे. झोपेचं तर आत्तापासूनच बघा, रात्री एकपर्यंत जागून केलेला अभ्यास दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला कुठे जातो ते आम्ही शिक्षक रोज वर्गात बघतो.

वही सुरू केलीत तर आठ-दहा दिवसांनी दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्यात किती फरक पडतोय आणि चौथ्या रकान्यात काय सारखं सारखं येतंय एवढं इथेच खाली लिहा. प्रश्न वाचण्यात चूक आहे, आकृतीत आहे की आकडेमोडीत, यावर पुढे काय करायचं ते ठरतं आणि ते न बघता आत्ता काही सांगण्यात अर्थ नाही. तिचं नाव, शाळा वगैरे मात्र टाकू नका, आणि लिहायच्या आधी तिला विचारून घ्या, वही तिची आहे.